माझ्या टेबलावरची बजबजपुरी

अडुसष्ट सेकंद! बटण दाबल्यापासून पडद्यावर सगळं जागच्या जागी येऊन मी टाइप करायला मोकळी होईपर्यंत अडुसष्ट सेकंद. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजले. विश्वास बसेना म्हणून मशीन बंद करून पुन्हा मोजले. मग ह्यांना हाक मारून बोलावलं आणि त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा मोजले. गेल्या शनिवारपर्यंत याच लॅपटॉपला याच कामाला अकरा मिनिटं लागत होती. सकाळी बटण दाबून मी चहाचं आधण ठेवायचे, चहा पिऊन व्हायचा, कप विसळून पालथा घालून व्हायचा, तरी पडद्यावरचे ते ठिपके गोल गोल फिरतच असायचे. आणि आता? तोच लॅपटॉप, तीच चार जीबीची रॅम, तीच डिस्क. एक स्क्रूसुद्धा नवा नाही. खर्च झाला तो आठ जीबीच्या एका पेन ड्राइव्हचा, बस्स.

गेले आठ दिवस भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. भाजीवाल्यालाही सांगून झालं. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

आम्ही कोलकात्याजवळ बजबजला राहतो. पुण्याच्या मैत्रिणींना पत्ता सांगितला की त्यांना पहिला शब्द आठवतो तो ‘बजबजपुरी’. त्यांचाही दोष नाही. मराठी माणसाच्या कानाला हे नाव तसंच ऐकू येणार. पण एकोणीस वर्षं इथे काढून सांगते, हे गाव तसं नाही. हुगळीचं भलंमोठं पात्र, काठाने तेलाच्या टाक्यांच्या रांगा, ज्यूटच्या गिरण्या, आणि शियालदहहून निघालेली लोकल जिथे येऊन थांबते ते शेवटचं स्टेशन. ह्यांची नोकरी इथल्या तेलाच्या डेपोत, आणि माझं काम घरी, खिडकीजवळच्या टेबलावर. बांगला कथा मराठीत आणायच्या. सतरा वर्षं हेच करते आहे. त्यामुळे खरी बजबजपुरी कुठे होती म्हणाल, तर त्या टेबलावर, त्या लॅपटॉपच्या पोटात.

लॅपटॉप २०१२ सालचा. आत तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ५०० जीबीची फिरती डिस्क. आला तेव्हा विंडोज ७ होतं. २०१६ साली विंडोज १० फुकट मिळतंय म्हटल्यावर आहे त्याच्यावरच ते चढवलं, जुन्या घरावर माडी बांधावी तसं. त्यानंतर त्या घरात जो येईल तो राहिला. दोन-दोन अँटीव्हायरस. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. तीन ब्राउझर. कुठल्यातरी पीडीएफसोबत आलेलं, रोज सकाळी दार वाजवणारं कसलंसं ‘स्पीड बूस्टर’. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या मशीनला ते शक्यच नव्हतं. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. “बौदी, एर आर किछु होबे ना,” म्हणाला. आता याचं काही होणार नाही. कोलकात्याच्या चांदनी बाजारात जाऊन नवा घ्या, असा सल्ला ह्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी दिला. मीही मनातून सोडून दिला होता.

आमच्या खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. आई तिला ‘मामणी’ म्हणते म्हणून अख्खी बिल्डिंग तिला मामणी म्हणते. ती नोलेन गुडाचे सोंदेश द्यायला वर आली, तेव्हा मी त्या फिरत्या ठिपक्यांकडे बघत बसले होते. तिने दोन मिनिटं माझ्याबरोबर ते बघितले आणि म्हणाली, “काकिमा, फॉरमॅट मेरे दाओ.” मला गंमत वाटली. आपणही मराठीत हुबेहूब हेच म्हणतो की, फॉरमॅट मार! दोन्ही भाषांत फॉरमॅट ‘करत’ नाहीत, ‘मारतात’. आणि त्या मारण्याचीच तर मला धास्ती होती. सतरा वर्षांचं काम त्या डिस्कवर होतं.

म्हणून आधी बॅकअप. तुम्हाला यातलं काहीच करायचं नसलं, तरी एवढं मात्र कराच. मामणीचा नियम कडक होता: प्रत एक असली तर ती नसल्यातच जमा. म्हणून सगळं दोन ठिकाणी उतरवलं, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत राहील अशा पेन ड्राइव्हवर. उतरवलं म्हणजे झालं नाही. त्या प्रती दुसऱ्या मशीनवर उघडून बघायच्या. तिच्या कॉम्प्युटरवर मी एकेक फाइल उघडत गेले आणि २००९ सालच्या एका कथेपाशी थबकले. पडद्यावर मराठीचा मागमूस नाही! रोमन अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं यांची नुसती भेळ.

पोटात गोळा आला. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या काळी आम्ही युनिकोडमध्ये नव्हे, विकत घेतलेल्या एका मराठी फाँटमध्ये टाइप करायचो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, पण छापखान्यांच्या कामात ती रुळायला फार वर्षं गेली. त्या जुन्या फाइलींमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर, आणि फाँट त्याच्या अंगावर ‘क’चा अंगरखा चढवतो. फाँट गेला की अंगरखा गेला. म्हणजे मी नुसत्या फाइली घेऊन डिस्क पुसली असती तर पहिली चार-पाच वर्षं मला वाचताच आली नसती! लॅपटॉपवर परत गेलो, फाँटचं फोल्डर शोधलं, त्यातल्या सगळ्या जुन्या फाँट फाइली उचलल्या. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क घेतले. संपादकांचे पत्ते घेतले. पूर्ण शनिवार यात गेला, आणि तो शनिवार सत्कारणी लागला.

टाकायचं काय, हे मामणीने ठरवलं होतं. विंडोज १० च पुन्हा कोरं करून टाकता आलं असतं, पण त्याची मुदत सरलेली. तिने लिनक्स मिंट सुचवलं. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला जगाला सांगितलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतो आहे. त्यातून लिनक्स वाढलं, आणि त्याच्यावर उभी असलेली मिंट ही २००६ पासूनची एक सिस्टीम. पूर्ण फुकट, आणि चोरून फुकट नव्हे, रीतसर फुकट. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, सगळी ‘आ’वर संपणारी. पहिली होती एडा. आम्ही घेतली ती २२.२, तिचं नाव झारा. तिचे तीन अवतार मिळतात, त्यांतला एक्सएफसीई नावाचा सगळ्यांत हलका, आमच्यासारख्या मशीनसाठीच.

फाइल जवळजवळ तीन जीबीची. ती उतरल्यावर मामणीने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, आता तपासायची. फाइल वाटेत कुठे अर्धवट राहिली नाही ना, कुणी हात लावला नाही ना, ते बघायचं. त्यासाठी संपूर्ण फाइलीचा एक ठसा निघतो, एसएचए-२५६ नावाचा. चौसष्ट अक्षरांचा: शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. तीन जीबीमधलं एक टिंब जरी बदललं तरी हा ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. सिस्टीम बनवणारे आपला ठसा जाहीर करतात. आपण आपल्या फाइलीचा काढायचा आणि दोन्ही ताडून बघायचे. विंडोजमध्ये त्यासाठी ‘सर्टयूटिल’ नावाची आज्ञा आधीपासूनच असते. काळ्या खिडकीत ती टाइप केली, जरा वेळ गेला आणि चौसष्ट अक्षरांची एक ओळ उमटली.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. तिच्या मोबाइलवर जाहीर केलेला ठसा, माझ्यासमोर आमचा. मी मराठीत वाचायची, ती बांगलात दुजोरा द्यायची. “सात.” “शात.” “दोन.” “दुइ.” “सहा.” “छॉय.” “एफ.” “एफ.” “नऊ.” “नॉय.” सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखं गंभीरपणे आम्ही ते म्हणत होतो. चाळिसाव्या अक्षरानंतर माझा आवाज चढायला लागला. साठ, एकसष्ट, बासष्ट... चौसष्टावं अक्षर जुळलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली! जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणीतरी बनवलेली वस्तू अगदी जशीच्या तशी, एका टिंबाचाही फरक न होता, बजबजच्या आमच्या टेबलावर येऊन पोचली आहे, याचा पुरावा आम्ही स्वतः, तोंडाने म्हणून घेतला होता.

पेन ड्राइव्हवर ती फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. मशीन त्यावरून उठू शकेल अशा बेताने लिहावी लागते. त्यासाठी एचर नावाचा छोटा प्रोग्राम आहे. दहा मिनिटांचं काम. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पुढचं. रविवारी सकाळी मामणी छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन वर आली. लॅपटॉप बंद केला, पालथा केला, बॅटरी काढून बाजूला ठेवली, दोन स्क्रूंचं एक झाकण उघडलं आणि आतून एक चपटी चंदेरी वडी ओढून काढून माझ्या तळहातावर ठेवली. अडीच इंची, वजनाला जेमतेम शंभर ग्रॅम. “काकिमा, एइ नाओ तोमार विंडोज.” हे घे तुझं विंडोज. माझी सतरा वर्षं, दोन अँटीव्हायरस, स्पीड बूस्टर, सगळं माझ्या हातात. लॅपटॉपच्या पोटात रिकामा खण. तिने झाकण लावलं, बॅटरी बसवली, पेन ड्राइव्ह खोचला आणि बटण दाबलं. सुरुवातीलाच एक कळ दाबून धरली. कुठल्या मशीनला ती एफ ९ असते, कुठे एफ १२, कुठे एस्केप. त्या कळीने मशीनला सांगता येतं की आज कुठून उठायचं.

आणि ते उठलं!

डिस्क माझ्या हातात, आणि समोर पडद्यावर हिरव्या झाकेचं स्वच्छ डेस्कटॉप. माउस हलतोय. वायफाय सापडतंय. फायरफॉक्स उघडलं, बातम्या दिसल्या. आवाज आला, कॅमेऱ्यात आम्हा दोघींची तोंडं दिसली. मी एकदा हातातल्या वडीकडे बघायची, एकदा पडद्याकडे. हे मला कुणीच, कधीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ म्हणत होते, तेव्हा माझ्या डोक्यात विंडोज म्हणजेच कॉम्प्युटर होता. ते दोन आहेत! घर वेगळं, घराचा कारभारी वेगळा. घराच्या भिंती तशाच भक्कम होत्या. कारभाऱ्याने अडगळीत पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. आणि कारभारी बदलता येतो. आपल्या हातांनी, रविवारी सकाळी, पोळ्या लाटायच्या आधी.

अडगळ म्हणजे काय होत होतं तेही मग तिने मला माझ्या भाषेत सांगितलं, स्वयंपाकघरात नेऊन. रॅम म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर मावेल तेवढं काम भराभर होतं. पण ओटा भरला की एकेक डबा माळ्यावर टाकायचा, लागला की शिडी लावून काढायचा, दुसरा टाकायचा. विंडोज उठताच आमचा चार जीबीचा ओटा जवळजवळ भरलेला असायचा, म्हणजे मी एक अक्षर टाइप करण्याआधीच शिडीवरची ये-जा सुरू. ती अकरा मिनिटं म्हणजे ती शिडी होती. नव्या सिस्टीमने उठल्यावर किती ओटा व्यापला ते तिने दाखवलं: एक जीबीही पुरती भरली नव्हती. बाकीचा ओटा माझा.

हे बघताना मला एकदम बरानगर आठवलं. इथून उत्तरेला, कोलकात्याच्या दुसऱ्या टोकाला. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये तिथे १९५६ साली देशातला पहिला डिजिटल संगणक बसला, इंग्लंडहून आलेला एचईसी-टूएम. त्याची स्मृती म्हणजे एक फिरता चुंबकी ढोल, १०२४ शब्द मावणारा. त्याच्यात कारभारी नव्हताच! काम सांगायचं तर थेट यंत्राच्या भाषेत, आकड्यांत. एका कथेच्या निमित्ताने हे मी वाचलं होतं आणि तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नव्हता. नुसतं यंत्र, आणि त्याच्याशी थेट बोलणारी माणसं. रिकाम्या खणाचा लॅपटॉप बघितल्यावर ते चित्र डोळ्यासमोर लख्ख उभं राहिलं. मी मामणीला सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्या सरांनी हे सांगितलंच नाही कधी,” आणि दोन मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो.

मग मशीन बंद करून डिस्क परत खणात बसवली आणि पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच उठवलं. आधी डिस्कची तब्येत बघितली. सिस्टीममध्ये ‘डिस्क्स’ नावाचं एक साधन असतं, त्यात डिस्क स्वतःच स्वतःबद्दल सांगते, किती तास फिरली, किती जागा खराब झाली. आमची ठणठणीत निघाली. तेरा वर्षांची डिस्क, आणि ठणठणीत! (ती खराब निघाली असती तर हा सगळा खटाटोप नवी डिस्क आणूनच करायचा, असं मामणीने आधीच बजावलं होतं.)

आता पुसायचं. इथेही मला एक नवं कळलं. फाइल डिलीट केली, अगदी झटपट फॉरमॅट मारला, तरी मजकूर जागेवरच असतो. सातबाऱ्यावरून नाव काढलं म्हणून शेतातली विहीर बुजत नाही, तसं. नुसती नोंद जाते. शोधणारा हुशार असला तर विहीर शोधून काढतो. खरोखर पुसायचं म्हणजे आख्खं शेत नांगरायचं, प्रत्येक जागी शून्य लिहीत जायचं. फिरत्या डिस्कला एकदा नांगरलं तरी पुरतं, अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत तसंच म्हटलं आहे. एसएसडीची गोष्ट वेगळी, तिला तिच्या स्वतःच्या आतल्या आज्ञेनेच पुसावं लागतं. मशीन घरातच राहणार असेल तर एवढं करायची गरज नसते. विकायचं, कुणाला द्यायचं असेल तर मात्र करायलाच हवं. मला गरज नव्हती. पण करायचं होतं. त्या डिस्कवर बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती, काय काय जुनं साचलेलं. आणि सुरुवात करायचीच तर अगदी तळापासून करावी, असं आतून वाटत होतं.

‘शून्यांनी लिहून काढा (हळू)’ अशा अर्थाचा पर्याय निवडला. सिस्टीमने विचारलं, नक्की? माझं बोट माउसवर थरथरलं. हो, खरंच थरथरलं. बॅकअप दोन ठिकाणी आहे, एकूणएक फाइल उघडून बघितली आहे, सगळं माहीत असून. मामणी म्हणाली, “भय पेयो ना, काकिमा.” घाबरू नकोस. मी बटण दाबलं.

५०० जीबीला दोन तास. आम्ही घाटावर गेलो. डिसेंबरचं कोवळं ऊन, नदीवर पातळ धुकं, पलीकडच्या बाउरियाची फेरी भरून निघालेली. १८९७ च्या फेब्रुवारीत विवेकानंद पश्चिमेचा दौरा संपवून कोलकात्याला परतताना याच किनाऱ्याला उतरले. १९१४ च्या सप्टेंबरात कोमागाटा मारू या जहाजाचे प्रवासी इथेच उतरवले गेले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. एरवी कुणी पाहुणे आले की मी हे सगळं रंगवून सांगते. त्या दिवशी माझा जीव घरी टेबलावर होता. दर दहा मिनिटांनी मी मामणीला विचारायची, “किती टक्के झाले असतील गं?”

घरी आलो तेव्हा डिस्क कोरी होती. पाचशे जीबी, आणि सगळीकडे शून्य. मग डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’वर दोनदा क्लिक केलं.

पहिलाच प्रश्न भाषेचा. डाव्या बाजूला जगातल्या भाषांची लांबलचक यादी, प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत. मी सावकाश खाली सरकवत गेले. ‘बांगला’ दिसलं तशी मामणी ओरडली. आणि मग, त्या यादीत, शुद्ध देवनागरीत: मराठी. पहिल्या पडद्यावर, नाव-गाव विचारण्याआधी! मी त्यावर क्लिक केलं आणि आजूबाजूची बटणं मराठीत झाली. काही वाक्यं इंग्रजीतच राहिली, कारण हे भाषांतर हौसेने, विनामोबदला करणारी माणसं करतात आणि जिथवर हात पोचले तिथवर ते झालं आहे. मी स्वतः भाषांतर करणारी. त्या अनोळखी मंडळींनी एकेका बटणावर किती विचार केला असेल, ते मला त्या बटणांवर दिसत होतं.

पुढे आला जगाचा नकाशा, वेळ ठरवायला. भारतावर क्लिक केलं की नाव येतं: कोलकाता. पुण्यात बसून केलं तरी कोलकाता, नागपुरात केलं तरी कोलकाता! संगणकांच्या जगात अख्ख्या भारताची वेळ या शहराच्या नावाने नोंदलेली आहे. आणि इतिहास बघावा तर १९०६ साली सगळ्या देशाची एक वेळ ठरली तरी कोलकात्याने आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत चालवली, मुंबईने तर १९५५ पर्यंत. ही दोन हट्टी शहरं! आणि आता मुंबईतला लिनक्सचा प्रत्येक लॅपटॉप कोलकात्याच्या नावाने चालतो. एकोणीस वर्षं या भागात राहणाऱ्या मराठी बाईला याचा किती आनंद झाला असेल, सांगा.

मशीनचं नाव काय, असाही एक प्रश्न असतो. तिथे रोमन अक्षरंच चालतात. मी ‘बजबज’ दिलं.

पंचवीस मिनिटं लागली. मग सूचना आली: पेन ड्राइव्ह काढा आणि एन्टर दाबा. ते एन्टर मामणीने मला दाबायला लावलं. “तुमि कोरो, काकिमा. तूच कर. मशीन तुझं आहे.” दाबलं. पडदा काळा झाला, मिंटचं चिन्ह आलं, माझं नाव आलं, पासवर्ड दिला आणि ते समोर उभं राहिलं. आमच्या डिस्कवरून. पंखा बंद! तेरा वर्षांत या लॅपटॉपचा पंखा मी बंद ऐकला नव्हता. खोलीत इतकी शांतता की रेल्वेचा भोंगा स्टेशनावरून ऐकू आला.

संध्याकाळभर नुसता उत्सव. अपडेट केलं. ‘टाइमशिफ्ट’ लावलं, ते सिस्टीमचं चित्र काढून ठेवतं, उद्या काही बिघडलं तर तिथवर मागे जाता येतं. प्रिंटरने थोडी कटकट केली, अर्ध्या तासाने ऐकलं. फाँटची यादी उघडली तर देवनागरीतली आपली माणसं दिसू लागली: गार्गी, नकुल, सहदेव, सम्यक, आणि लोहित! लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट या कंपनीने तो सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून लोहित. कुणाच्या डोक्यातून आलं असेल हे नाव! मग बॅकअपमधून जुना विकतचा फाँट आणून होम फोल्डरमधल्या फाँटच्या जागी ठेवला आणि धडधडत्या छातीने २००९ ची ती कथा उघडली. एक क्षण भेळ दिसली. फाँटचं नाव निवडलं, आणि पानभर मराठी उमटली. काना, वेलांट्या, रफार, सगळं. मी ती कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मामणी तोवर गप्प बसून राहिली, तिला एक अक्षर कळत नसताना.

शेवटी कीबोर्ड. मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते, १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेल्या मांडणीत. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सेटिंगमध्ये ती मराठी मांडणी एका मिनिटात सापडली. मामणी बांगला लिहिते ती ढाक्याच्या मेहदी हसन खान यांनी २००३ साली आणलेल्या ‘अव्रो’ने, रोमन स्पेलिंग करून. तिला माझी बोटं बघून नवल वाटलं. मी म्हटलं, बघ, पहिला शब्द आपल्या गावाचा. वाय, पी, वाय, पी. पडद्यावर आलं: बजबज.

तिने माझ्या हातातून माउस घेतला, कीबोर्डच्या यादीत बांगलाची इनस्क्रिप्ट मांडणी जोडली, कोपऱ्यातलं निशाण बदललं आणि म्हणाली, “आता तेच कर. बोटं हलवू नकोस.” मी त्याच चार कळा त्याच क्रमाने दाबल्या. वाय, पी, वाय, पी. माझ्या मराठी शब्दाच्या खाली, बांगला लिपीत, इथल्या स्टेशनच्या पाटीवर असतं तसं अगदी, बजबज उमटलं. सतरा वर्षं मी या दोन भाषांच्या मधोमध बसून काम करते आहे, आणि माझ्या बोटांना बांगला टाइप करता येतं हे मला माहीत नव्हतं!

मामणीने खुर्ची ओढली. “सरक काकिमा,” म्हणाली, आणि आपली बोटं माझ्या बोटांशेजारी कळांवर ठेवून तिने विचारलं, “आता ‘क’ कुठे आहे, सांग.”